पाय सुटतो का?

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता मी एक जोडी पेडल घरी आणली. विकत घेतली नव्हती. आमच्या रविवारच्या सायकल ग्रुपमधल्या एका मित्राने वापरून बघायला दिली होती. सोबत त्याचे जुने बूट होते, तळव्याला प्लॅस्टिकची तिकोनी पट्टी बसवलेले. या पट्टीला क्लीट म्हणतात. बूट पेडलवर दाबला की क्लीट खटकन अडकते आणि पाय सायकलला जोडला जातो. या प्रकाराला सायकलवाले 'क्लिपलेस' म्हणतात.

साखर वाढली म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्रेचाळिसाव्या वर्षी मी सायकल हातात घेतली. मिरज-सांगली करता करता दंडोबाच्या डोंगरापर्यंत मजल गेली आणि ग्रुपमधले लोक मागे लागले, सर, आता क्लिपलेस घ्या. ज्याच्याकडे विचारावं तो वेगाचं सांगायचा, चढावर होणाऱ्या फायद्याचं सांगायचा, किमतीचं सांगायचा. मी बैठकीत वर्तमानपत्र पसरून ती पेडल मांडली तेव्हा शेजारच्या गल्लीतून भाईजान आले होते. त्यांनी बूट उचलला, उलटा केला, क्लीटवरून अंगठा फिरवला आणि एकच विचारलं,

"पाँव निकलता क्या इसमें से?"

पाय सुटतो का? इतक्या लोकांशी बोललो, पण हा प्रश्न कोणी केला नव्हता. भाईजान तो करणार, हे मला खरं तर आधीच कळायला हवं होतं.

भाईजानच्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला. पाय बारीक राहिला, घोट्यात ताकद नाही. तरी त्यांना सायकल यायची. उजव्या पायाने जोर लावायचा आणि डावा पाय पेडलबरोबर नुसता फिरू द्यायचा. अडचण एकच होती. डावा पाय पेडलवर ठरायचा नाही, खड्डा आला की घसरायचा. आमचे अब्बा शिंपी होते. त्यांनी जुन्या दप्तराचा कॅनव्हासचा पट्टा कापला, त्याला बक्कल शिवलं आणि तो पेडलला बांधून दिला. भाईजान निघण्याआधी वाकून पट्टा आवळायचे. मग दोन वर्षं ते शाळेत, बाजारात, सगळीकडे सायकलवर गेले.

१९९० साली रेल्वे फाटकाशी ते पडले. फाटक पडायला लागलं म्हणून त्यांनी ब्रेक दाबला, सायकल डावीकडे कलली आणि डावा पाय पट्ट्यात होता. पाय टेकवायला पाय मोकळा नव्हता. सगळं वजन डाव्या हातावर आलं आणि मनगटाजवळ हाड मोडलं. मी मागे कॅरिअरवर बसलो होतो. मला खरचटलंसुद्धा नाही. त्या रात्री अब्बांनी दुकानातली कात्री आणून तो पट्टा कापून टाकला. कोणाला काही बोलले नाहीत. भाईजान त्यानंतर सायकलवर बसले नाहीत.

म्हणून त्यांच्या प्रश्नाला मला "हो, सुटतो" एवढं उत्तर देऊन मोकळं व्हायचं नव्हतं. कसा सुटतो, कोणी सोडवला, कधीपासून सुटतो, हे मी शोधत बसलो. आणि लक्षात आलं, या पेडलचा सगळा इतिहास भाईजानच्या प्रश्नाभोवतीच फिरतो. पाय बांधायला सव्वाशे वर्षांपूर्वीच लोक शिकले होते. त्यांना वेळ लागला तो सोडायला.

नावाची गंमत

आधी नाव. मी भाषेचा शिक्षक, त्यामुळे नावापाशी अडतोच. जे पेडल पायाला पकडून ठेवतं त्याला 'क्लिप-लेस', म्हणजे बिनक्लिपचं, का म्हणावं?

उत्तर असं की इथली क्लिप वेगळी आहे. पूर्वी पेडलच्या पुढे पोलादी पिंजरा असायचा, त्यात बुटाचं टोक जायचं. त्याचं नाव टो-क्लिप. नवं पेडल आलं तेव्हा तो पिंजरा गेला, म्हणून ते बिनपिंजऱ्याचं. आपल्याकडेही अशी नावं आहेत. तार गेली तेव्हा मराठीत 'बिनतारी' आलं, उर्दूत 'बेतार'. आता तार कोणाला आठवत नाही, पण नावात ती बसून आहे. ज्याने टो-क्लिप कधी पाहिली नाही, त्याच्या जिभेवरही तिचं नाव आहे ते असंच.

इतर भाषांनी वेगळा विचार केला. फ्रेंच लोक याला 'आपोआप चालणारं पेडल' म्हणतात. जर्मन लोकांनी आवाजावरून 'क्लिक-पेडल' केलं. इटालियन लोकांचं नाव मला सगळ्यात नेमकं वाटतं. त्याचा अर्थ होतो 'झटकन सुटणारं पेडल'. इंग्रजीने काय गेलं ते सांगितलं, इटालियनने काय मिळालं ते सांगितलं.

रिकीब

पाय वाहनाला जोडायची गोष्ट सायकलच्या फार आधीची आहे. घोड्याच्या खोगिराला लटकणारी रिकीब आपल्या भाषेत फारसी 'रिकाब'वरून आली. उर्दूत निघायच्या तयारीत असलेल्याला 'पा-ब-रिकाब' म्हणतात, म्हणजे ज्याचा पाय रिकिबीत आहे तो. पण घोडेस्वाराला एका गोष्टीची कायम भीती असते. पडताना पाय रिकिबीत अडकला तर घोडा माणसाला फरफटत नेतो. रिकिबीत पाय नीट बसला पाहिजे आणि पडलो तर निघालाही पाहिजे. सायकलने ही अडचण वारशात घेतली, पण तिचा पहिला अर्धाच भाग सोडवायला घेतला.

सुरुवातीला तर तोही नव्हता. १८७० नंतरच्या उंच चाकाच्या सायकलवर माणूस जवळजवळ पुढच्या चाकाच्या डोक्यावर बसायचा. दगड लागला की हँडलवरून पुढे डोक्यावर आपटायचा. अशा वाहनावर पाय बांधून घेणं म्हणजे मरणाला बोलावणं. १८८५ मध्ये इंग्लंडच्या कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्ली यांची 'रोव्हर' आली. जवळजवळ सारख्या उंचीची दोन चाकं, मागच्या चाकाला चेन. आजची सायकल तिचीच वारस आहे. तीन वर्षांनी डनलॉप यांचा हवेचा टायर आला आणि सायकल एकदम वेगवान झाली.

तेव्हाच्या बहुतेक सायकलींना फ्री-व्हील नव्हतं. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच. उतारावर पाय त्या वेगाला पुरे पडायचे नाहीत. पाय निसटला की फिरतं पेडल येऊन नडगीवर बसायचं. म्हणजे पाय पेडलवर राहावा ही हौस नव्हती, गरज होती. १८९० च्या दशकात टो-क्लिप आल्या त्या या गरजेतून. पुढे तिच्यातून चामड्याचा पट्टा ओवला गेला. पायाच्या बोटांवरून पट्टा आवळला की पाय जागेवर.

आता एक तारीख बघा, १८९५. त्या वर्षी अमेरिकेतल्या र्‍होड आयलंड राज्यातल्या चार्ल्स हॅन्सन यांनी एका पेडलचं पेटंट घेतलं. त्यात ना पिंजरा होता, ना पट्टा. बुटाच्या तळव्याचा भाग पेडलमध्ये बसवून पाय फिरवला की अडकायचा, पुन्हा फिरवला की सुटायचा. माझ्या मित्राने दिलेलं पेडल आज जे करतं त्यातला गाभा हाच आहे. पण सायकलच्या दुनियेने ती वाट धरली नाही. रस्ता पट्ट्याने घेतला आणि पुढची ऐंशी-नव्वद वर्षं तो पट्ट्याकडेच राहिला.

पट्ट्याचं राज्य

या पट्ट्यांवर आणि क्लिपांवर कित्येक वर्षं एक नाव छापलेलं असायचं, 'क्रिस्तोफ'. हे फ्रेंच सायकलपटू यूजेन क्रिस्तोफ यांचं नाव. १९१३ च्या तूर द फ्रान्स शर्यतीत ते आघाडीच्या मानकऱ्यांत होते. पिरेनीज पर्वतातला तूरमाले घाट उतरताना त्यांच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. नियम असा होता की स्वतःची सायकल स्वतःच दुरुस्त करायची, कोणाची मदत घ्यायची नाही. क्रिस्तोफ सायकल खांद्यावर टाकून दहा किलोमीटरपेक्षा जास्त चालत खालच्या सेंत-मारी-द-कांपां गावात आले. तिथल्या लोहाराच्या भट्टीवर, शर्यतीच्या अधिकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर, त्यांनी स्वतःच्या हाताने चिमटा जोडला. लोहाराच्या इथल्या एका लहान पोराने भाता मारला. ही बाहेरची मदत झाली म्हणून वरून त्यांना दंडाची मिनिटं लागली. शर्यत तर गेलीच. १९१९ मध्ये तूरच्या आघाडीवीराची पिवळी जर्सी पहिल्यांदा घातली गेली, ती यांच्याच अंगावर. तूर मात्र त्यांना एकदाही जिंकता आली नाही.

मी हा किस्सा वर्गात सांगतो तेव्हा मुलं भाता मारणाऱ्या पोरावर खूश होतात. इथे तो सांगायचं कारण वेगळं आहे. त्या काळातली शर्यत हातांवर चालायची. चिमटा हाताने जोडायचा, टायर हाताने बदलायचा आणि पायही हातानेच बांधायचा, हातानेच सोडायचा.

ती रीत अशी होती. बुटाच्या चामडी तळव्याला खाच असलेली पट्टी खिळ्यांनी ठोकलेली असायची. ती खाच पेडलच्या कडेवर बसायची. मग पट्टा ओढून आवळायचा. आता पाय पुढे-मागे, वर-खाली कुठेही हलणार नाही. सोडवायचं तर खाली वाकून अंगठ्याने बक्कल सैल करायचं आणि पाय मागे खेचायचा. मुरलेले सायकलपटू शेवटच्या झेपेआधी पट्टा आवळायचे आणि थांबायच्या आधी आठवणीने सैल करायचे. हे सगळं नीट जमायचं, पण कधी थांबायचं हे आधीच माहीत असलं तर. रेल्वे फाटक सांगून पडत नाही. समोर कुत्रं आडवं येतं ते सांगून येत नाही.

अब्बांनी कॅनव्हासचा जो पट्टा शिवला होता तो नेमका हाच होता. त्यांनी तूर द फ्रान्सचं नावही ऐकलेलं नव्हतं. समोर एक पाय होता जो पेडलवर राहत नव्हता, त्यावर जे कोणालाही सुचलं असतं ते त्यांना सुचलं. युरोपातल्या मोठमोठ्या सायकलपटूंच्या पायांतही तेव्हापर्यंत, काही वर्षं मागे गेलं तर, याहून वेगळं काही नव्हतं. इतकी वर्षं मला वाटायचं की अब्बांची काहीतरी चूक झाली. ती एकट्या अब्बांची चूक नव्हती. ती पट्ट्याची होती.

मरणाची पट्टी

पट्टा हटवायचा पहिला गंभीर प्रयत्न इटलीत झाला. चीनो चिनेल्ली हे स्वतः नामवंत सायकलपटू. १९४३ ची मिलान-सान रेमो शर्यत त्यांनी जिंकली होती. पुढे ते सायकलचे भाग बनवू लागले आणि त्यांची हँडल जगभर गेली. १९७० च्या सुमारास त्यांनी 'एम-७१' नावाचं पेडल काढलं. त्याच्या खोबणीत बुटाची पट्टी सरकवायची आणि एक छोटी दांडी सरकवून ती पक्की करायची. ना पिंजरा, ना चामडं, पायावर दाब नाही. दिसायला सुबक.

फक्त एक गोष्ट जुनीच राहिली. पाय सोडवायला वाकून हाताने ती दांडी मागे घ्यावी लागायची. सायकलवाल्यांनी या प्रकाराला 'मरणाची पट्टी' असं टोपणनाव दिलं. ते लाकडी ट्रॅकवर शर्यत लावणाऱ्यांत थोडंफार वापरलं गेलं. तिथे मध्येच थांबायचा प्रश्न येत नाही. रस्त्यावर ते चाललं नाही.

चिनेल्लींसारख्या जाणत्या माणसालाही हे का सुचू नये? मला वाटतं, त्यांनी प्रश्न जुनाच घेतला. पाय निसटू नये म्हणून काय करावं, हा तो प्रश्न. पट्ट्यापेक्षा चांगलं उत्तर त्यांनी शोधलं, पण ते त्याच प्रश्नाचं होतं.

बर्फावरून आलेलं उत्तर

दुसरा प्रश्न सायकलच्या दुनियेत नव्हता. तो बर्फावर होता.

बर्फावरून घसरत जाण्याच्या स्कीईंगच्या खेळात बूट लांब फळीला जोडलेला असतो. माणूस पडला, फळी वळली आणि बूट सुटला नाही की ती लांब फळी पायाला पिळून काढते. नडगीचं हाड मोडणं या खेळात इतकं नेहमीचं होतं की तिथल्या कारागिरांपुढे पाय कसा धरायचा हा सवाल राहिलाच नव्हता. सवाल होता, कोणत्या क्षणी सोडायचा. फ्रान्समधल्या नेव्हेर गावची 'लूक' ही कंपनी १९५० च्या दशकापासून हेच काम करत होती. ज्यां बेल हे तिचे संस्थापक आणि कल्पक कारागीर. स्प्रिंगच्या जोरावर बूट धरून ठेवायचा आणि पिळ ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की आपोआप सोडायचा, अशी त्यांची बांधणी होती.

१९८३ मध्ये बर्नार तापी या उद्योजकाने लूक विकत घेतली. पुढच्याच वर्षी त्यांनी 'ला व्ही क्लेर' नावाचा सायकल संघ उभा केला आणि बर्नार इनो या फ्रान्सच्या सगळ्यात मोठ्या सायकलपटूला त्यात आणलं. १९८४ मध्ये लूकचं पेडल बाजारात आलं. बर्फावरची युक्ती सायकलवर उतरली.

ती युक्ती समजून घेण्यासारखी आहे. पेडल मारताना पाय खाली दाबतो, मागे ओढतो, वर येतो, पुढे जातो. एक हालचाल मात्र तो सहसा करत नाही. टाच बाहेरच्या बाजूला फिरवत नाही. मग तीच हालचाल किल्ली म्हणून ठेवायची. बाकी कोणत्याही दिशेने ओढा, स्प्रिंग क्लीटला सोडणार नाही. टाच बाहेर फिरवली की खटकन सुटलं. हात लागत नाहीत. वाकायला नको, आठवण ठेवायला नको. हॅन्सनच्या हाती १८९५ मध्ये लागलेली किल्ली ती हीच, आता तिला मजबूत स्प्रिंगची जोड मिळाली होती.

इनो यांनी चार वेळा तूर जिंकली होती, पण १९८३ मध्ये गुडघ्याच्या दुखण्यामुळे ते शर्यतीला मुकले आणि त्याच वर्षी शस्त्रक्रिया झाली. १९८४ मध्ये ते दुसरे आले. लोक म्हणू लागले, संपला. १९८५ मध्ये ते लूकची पेडल लावून उतरले. सेंत-एतिएनच्या टप्प्यात शेवटी पडून नाक मोडलं, तरी ते पॅरिसला पिवळ्या जर्सीत पोचले. त्यांचा हा पाचवा विजय. दुसरे आलेले ग्रेग लेमाँड त्यांच्याच संघाचे. पुढच्या वर्षी लेमाँड जिंकले.

त्यानंतर काही वर्षांतच शर्यतींमधले पट्टे गेले. सगळेच लगेच बदलले असं नाही. आयर्लंडचे शॉन केली हे त्या काळातले अव्वल सायकलपटू, पण बाकीच्यांनी नवी पेडल लावल्यावरही ते कित्येक वर्षं टो-क्लिपवरच राहिले. हाताला वळण पडलं की ते मोडत नाही. शिक्षकांना हे सांगायला नको.

गुडघ्याचं म्हणणं

पण गोष्ट इथे संपली नाही. पाय सुटायला लागला तेव्हा दुसरी तक्रार आली, ती गुडघ्याकडून.

सुरुवातीच्या क्लीट पायाला एकाच कोनात घट्ट धरायच्या. माणसाचे पाय मात्र साच्यातून काढलेले नसतात. कोणी चालताना पंजे बाहेर टाकतो, कोणी आत. मिनिटाला ८५ फेरे धरले तर तासाला ५,१०० फेरे होतात. क्लीट थोडी जरी वाकडी बसली तर गुडघा तो पिळ तासाला पाच हजार वेळा सोसतो. म्हणून क्लीटमध्ये अडकलेल्या पायालाही थोडं डावं-उजवं फिरता येईल अशी सोय आली. इंग्रजीत तिला 'फ्लोट' म्हणतात. मी तिला मोकळीक म्हणतो. ज्यां बेल यांनीच पुढे १९८७ मध्ये रोलाँ काताँ यांच्याबरोबर 'टाइम' ही दुसरी कंपनी काढली, आणि तिच्या पेडलची ओळखच ही मोकळीक झाली. सोडायची युक्ती शोधणाऱ्याला धरण्यातही सैलपणा लागतो हे कळावं, यात मला नवल वाटत नाही.

तिसरी अडचण साधी होती, चालायची. रस्त्याच्या शर्यतीची मोठी क्लीट बुटाच्या तळव्याबाहेर येते. फरशीवर माणूस बदकासारखा चालतो. १९९० मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने डोंगरी सायकलसाठी 'एसपीडी' पेडल आणलं. त्याची क्लीट लहान, लोखंडी, दोन बोल्टची, आणि बुटाच्या तळव्यात आत दडलेली. खाली उतरून चिखलात चालता येतं आणि पेडलला दोन्ही बाजूंनी पाय अडकतो. अमेरिकेत रिचर्ड ब्राइन यांनी 'स्पीडप्ले'मध्ये आणखी उलटा विचार केला. स्प्रिंग पेडलमध्ये न ठेवता बुटाच्या क्लीटमध्ये घातली आणि पेडल लॉलीपॉपसारखं छोटं गोल केलं.

१९९०. ते वर्ष वाचलं तेव्हा मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. त्याच वर्षी आमच्या फाटकाशी भाईजानचा पाय पट्ट्यात होता.

पण खोटी हळहळ नको म्हणून हेही लिहितो. टाच बाहेर फिरवायला घोट्यात आणि मांडीत ताकद लागते. भाईजानच्या डाव्या पायात ती नव्हती. १९८५ चं लूक पेडल कोणी मिरजेत आणून दिलं असतं तरी ते त्यांच्या उपयोगाचं झालं असतंच असं नाही. सुटायची रीत शोधली गेली, ती शर्यत लावणाऱ्या धट्ट्याकट्ट्या पायांसाठी. वेगळ्या पायाला वेगळी रीत लागते.

मग घ्यायचं कोणतं?

हा सगळा इतिहास वाचून मला पेडल निवडणं सोपं गेलं. कोणी निवडत असेल तर त्याच्यासाठी लिहून ठेवतो.

वेगाचं फार मनावर घेऊ नये. पाय जोडला की आपण पेडल वर ओढून दुप्पट जोर लावतो अशी समजूत आहे. जोर मोजणारी पेडल लावून पाहिलं तेव्हा दिसलं की सराईत सायकलपटूही नेहमीच्या चालीत फारसं वर ओढत नाहीत. वर येणाऱ्या पायाचं ओझं हलकं करतात इतकंच. खरा फायदा हा की पाय प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी राहतो, खड्ड्यात उडत नाही आणि पावसात घसरत नाही.

मग पहिली गोष्ट बघायची ती सुटण्याची. बहुतेक पेडलांना स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करायचा स्क्रू असतो. नवख्याने तो सगळ्यात सैल ठेवावा. शिमानोच्या दोन बोल्टच्या क्लीटमध्येही दोन जाती आहेत. 'एसएच-५१' फक्त टाच बाजूला फिरवल्यावर सुटते. 'एसएच-५६' पाय वाकडा करून वर खेचला तरी सुटते. शर्यतवाले दुसरीला नाक मुरडतात, पण गावातल्या रहदारीत तीच बरी.

दुसरी गोष्ट मोकळीक. गुडघा कुरकुरत असेल तर बिनमोकळिकीची क्लीट घेऊ नये. इथे रंग फसवतात. तीन बोल्टच्या लूक किओमध्ये काळी म्हणजे शून्य अंश, करडी साडेचार, लाल नऊ. शिमानोच्या तीन बोल्टच्या क्लीटमध्ये लाल म्हणजे शून्य, निळी दोन, पिवळी सहा. म्हणजे एकाकडची लाल सगळ्यात मोकळी आणि दुसऱ्याकडची लाल सगळ्यात घट्ट. दुकानात नुसतं 'लाल द्या' म्हणू नये.

तिसरी गोष्ट, उतरून चालायचं किती? मी कधी कधी सायकलवर शाळेत जातो. व्हरांड्यातून टकटक करत वर्गात शिरलो तर मुलांना आठवडाभराची करमणूक होईल. म्हणून मी मित्राची तिकोनी क्लीटची पेडल परत केली आणि दोन बोल्टची एसपीडी घेतली, क्लीट ५६ नंबरची, ताण सगळ्यात सैल. ग्रुपवाले हसले, रोड बाइकला डोंगरी पेडल! हसू दे.

आणि घेतल्यावर लगेच रस्त्यावर निघू नये. भिंतीला धरून सायकलवर बसावं, अडकवावं, सोडवावं, दोन्ही पायांनी पन्नास-पन्नास वेळा. मी हे सगळं केलं आणि तरी आमच्या कॉलनीच्या गेटसमोर उभ्या उभ्या पडलो. टाच फिरवायची ते विसरून सवयीने पाय सरळ वर ओढला. ५६ नंबरचीही क्लीट तेवढ्याने सुटत नाही. पडता पडता मला फाटकच आठवलं. कोपर सोललं, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवसापासून सिग्नल दिसला की शंभर फूट आधीच मी एक पाय मोकळा करतो.

मागच्या महिन्यात भाईजान आले तेव्हा मी त्यांना नवी पेडल दाखवली. अब्बांचं दुकान आता तेच चालवतात. शिंप्याच्या हातांना बक्कल, बटण, हूक सगळं कळतं. त्यांनी पेडल डाव्या हातात धरलं, उजव्या हाताने बूट त्यावर दाबला. खट्. मग बुटाची टाच फिरवली. खट्. चार-पाच वेळा केलं. स्क्रू कशासाठी असतो ते विचारलं, माझ्याकडून छोटी चावी घेऊन तो दोन वेळा आवळला आणि पुन्हा करून पाहिलं. आता टाच फिरवायला मनगट लावावं लागलं. त्यांनी स्क्रू परत होता तसा सैल केला.

"ढीलाच रख," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "अब्बा को दिखाना था ये."

मी स्क्रू तसाच ठेवला आहे.